‘स्ट्रीट फायटर २’ पहिल्यापेक्षा सरस का ठरला?

ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीने १९८७ साली ‘स्ट्रीट फायटर’ हा दोघांच्या मारामारीचा व्हिडिओ गेम आर्केडमध्ये, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांच्या दालनांत आणला, तेव्हा त्याच्या खास यंत्रावर नेहमीची बटणे नव्हती. बुक्का आणि लाथ यांसाठी दोन मोठ्या गाद्या बसवलेल्या होत्या. त्यांवर जितक्या जोराने हात आपटावा, तितका पडद्यावरचा फटका जोरदार बसे. कल्पना गमतीची असली तरी खेळणाऱ्याचे हात दुखत आणि यंत्राचीही मोडतोड होई. त्यामुळे तीन बुक्क्यांची व तीन लाथांची अशी सहा बटणे असलेली दुसरी आवृत्ती पुढे आली. पहिल्या खेळाचा जो वारसा पुढे टिकला, त्यातला मोठा वाटा या तडजोडीतून निघालेल्या सहा बटणांचा आहे.

त्या खेळाची खरी संपत्ती मात्र दडवून ठेवलेली होती. जॉयस्टिक खाली, मग तिरकी, मग पुढे अशी पाव वर्तुळात फिरवून बुक्क्याचे बटण दाबले की नायक रियू तळहातांतून ऊर्जेचा गोळा फेकत असे. हा ‘हादोकेन’ आणि त्याच्या जोडीचे आणखी दोन डाव खेळणाऱ्याला उघडपणे सांगितलेले नव्हते, आणि ठाऊक असले तरी यंत्राची वेळेची अपेक्षा इतकी काटेकोर होती की दहा वेळा हात फिरवावा तेव्हा एखादा डाव साधे. एकट्याने खेळणाऱ्याच्या वाट्याला केवळ रियू येई; दुसरा खेळाडू आलाच तर त्याला केन हा दुसरा लढवय्या मिळे, आणि दोघांचे डाव सारखेच असत. म्हणजे दोन माणसांची लढत त्यात होती, परंतु ती जोडकाम म्हणून होती.

दुरुस्त केलेला दुसरा भाग मूळ खेळावर मात करतो, हे आर्केडमध्ये तोवर एकदा दिसून आले होते. नामको या जपानी कंपनीच्या १९८० सालच्या ‘पॅक-मॅन’मध्ये, म्हणजे भुतांना चुकवत ठिपके खात फिरण्याच्या खेळात, एकच चक्रव्यूह होता आणि भुतांच्या हालचाली ठरीव होत्या, त्यामुळे लोकांनी वाटा पाठ करून टाकल्या. जनरल कॉम्प्युटर कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीतील तरुणांनी जुन्या यंत्रांत बसवता येईल असा सुधारित संच तयार केला. परंतु अशाच एका आधीच्या संचावरून अटारी या व्हिडिओ गेम कंपनीने त्यांना न्यायालयात खेचलेले असल्यामुळे ते तो घेऊन मिडवेकडे, म्हणजे ‘पॅक-मॅन’च्या अमेरिकेतील परवानाधारकाकडे गेले. त्यातून १९८२ साली ‘मिस पॅक-मॅन’ निघाला. त्यात चार चक्रव्यूह होते, फळे हलती होती आणि भुतांच्या वागण्यात थोडी अनिश्चितता होती. पाठांतराची सोय त्यांनी नेमकी काढून घेतली. मूळ खेळाची खोड निर्मात्यापेक्षा त्या यंत्राभोवती वावरणाऱ्यांना आधी कळली, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण ‘स्ट्रीट फायटर’च्या बाबतीतही पुढे तेच घडले.

पहिल्या खेळाचे दिग्दर्शक ताकाशी निशियामा कॅपकॉम सोडून एसएनके या प्रतिस्पर्धी कंपनीत गेले. दरम्यान कॅपकॉममध्ये ‘स्ट्रीट फायटर ८९’ या नावाने सुरू झालेला खेळ रस्त्यावरच्या गुंडांना एकामागून एक लोळवण्याचा निघाला, आणि १९८९ साली तो ‘फायनल फाइट’ या नावाने बाजारात आला. त्याच्या यशानंतर योशिकी ओकामोतो यांच्या देखरेखीखाली अकिरा निशितानी आणि अकिरा यासुदा यांनी खराखुरा दुसरा भाग हाती घेतला, आणि १९९१ साली ‘स्ट्रीट फायटर २’ प्रसिद्ध झाला.

त्यात निवडीसाठी आठ लढवय्ये होते आणि रियू-केनची जोडी सोडली तर प्रत्येकाची चाल निराळी होती. चीनची चुन-ली चपळ लाथा मारी, रशियाचा झांगिएफ जवळ येऊन उचलून आपटे, तर भारताचा धाल्सिम हातपाय लांबवून दुरूनच ठोसा देई. गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून ज्वाळा आणि मागे ओळीने उभे हत्ती असा हा योगी पाहून आपल्याकडच्या योगवर्गांना काय वाटावे, हा प्रश्न वेगळा. खेळ म्हणून पाहिले तर दूर राहून लढणारा माणूस कसा असावा, याचे इतके स्वच्छ उत्तर त्याआधी क्वचितच कोणी दिले असेल.

माझ्या मते निर्णायक ठरली ती मात्र वेळेची सैल केलेली गाठ. डाव सहज साधावेत म्हणून जॉयस्टिकच्या हालचालीला अधिक मुभा दिली गेली, आणि तिचा एक अनपेक्षित परिणाम झाला. मोटार फोडण्याच्या बोनस फेरीची तपासणी करताना नोरिताका फुनामिझू यांना दिसले की अचूक क्षण साधल्यास एका फटक्याला लागूनच दुसरा फटका बसवता येतो. तो दोष समजून काढून टाकता आला असता. परंतु एवढी अचूकता फारशा कोणाला जमणार नाही, असे मानून तो राहू दिला गेला. खेळणाऱ्यांनी हा अंदाज खोटा ठरवला, आणि ‘कॉम्बो’ हा पुढच्या बहुतेक सर्व लढतीच्या खेळांचा कणा झाला.

व्यवसायाच्या बाजूनेही गणित बदलले. यंत्राविरुद्ध खेळणारा तरबेज माणूस एका नाण्यावर बराच वेळ यंत्र अडवून बसतो. दोन माणसे समोरासमोर आली की काही मिनिटांत त्यांतला एक हरतोच, आणि पुढचे नाणे पडते. नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्याच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ज्यांनी खिसे रिकामे केले, त्यांना हे गणित समजावून सांगावे लागणार नाही.

पुढच्या सुधारणा तर थेट यंत्राभोवतीच्या गर्दीतूनच आल्या. मूळ आवृत्तीत शेवटचे चार प्रतिस्पर्धी निवडता येत नसत आणि दोघांना एकच लढवय्या घेता येत नसे. १९९२ सालच्या ‘चॅम्पियन एडिशन’ने दोन्ही बंधने काढली. त्यानंतर या आवृत्तीत परस्पर फेरफार केलेल्या चोरट्या प्रती पसरल्या. ‘रेनबो एडिशन’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रतीत लढत बेफाम वेगाने चाले आणि हवेतल्या हवेत डाव टाकता येत. तोल पार गेलेला असूनही लोक तिकडे वळत आहेत, हे पाहून कॅपकॉमने त्याच वर्षाच्या अखेरीस वेग वाढवलेली ‘हायपर फायटिंग’ ही अधिकृत आवृत्ती काढली. चोराच्या मालावरून सावाने धडा घेतला, असे म्हणायला हरकत नाही. १९९२ मध्येच निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉम या घरगुती गेम यंत्रावर आलेल्या घरगुती आवृत्तीच्या जगभरात ६० लाखांहून अधिक प्रती खपल्या.

दुसऱ्या भागात सगाट या उंचापुऱ्या थाई लढवय्याच्या छातीवर एक मोठा तिरका व्रण दिसतो. पहिल्या खेळाच्या अंतिम लढतीत रियूने मारलेल्या ‘शोर्युकेन’ची, म्हणजे उसळी घेत वर हाणलेल्या बुक्क्याची ती खूण आहे, असे कथानक सांगते. १९८७ च्या यंत्रावर ती लढत खेळून पाहिली, तर सगाट तिथे शेवटपर्यंत कोऱ्या छातीनेच उभा असतो.