पाचशे रुपयांचा सर्व्हे आला कुठून

‘एका सर्व्हेचे पाचशे रुपये, दिवसाला पाच सर्व्हे, घरबसल्या’ असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर पडला की उत्तरे दोन तऱ्हेची येतात. विशी-पंचविशीतली मुले ‘लिंक टाका’ म्हणतात. पन्नाशी ओलांडलेले, त्यातही वाशी-कोपरखैरणेकडचे, एवढेच विचारतात, ‘भरायचे किती?’ हा दुसरा प्रश्न इकडे २०११ च्या पावसाळ्यात शिकला गेला. शिकवणीची फी अकरा हजार रुपये होती.

त्याआधी सर्व्हे म्हणजे दारावर येणारा, खांद्याला पिशवी लावलेला कॉलेजचा मुलगा. नव्वदीच्या दशकात नौपाडा, पाचपाखाडी, वाशीचे सेक्टर असे पायी तुडवत आम्ही मार्केट रिसर्चचे फॉर्म भरून घ्यायचो. पैसे मिळायचे ते आम्हाला, पूर्ण भरलेल्या फॉर्ममागे. उत्तरे देणाऱ्या घराला साबणाची वडी, नाहीतर पेन. पहिलाच प्रश्न असायचा, घरात कोणी जाहिरात कंपनीत किंवा मार्केट रिसर्चमध्ये आहे का? ‘हो’ म्हटले की फॉर्म तिथेच बंद. मग घरातल्या मुख्य कमावत्याचे शिक्षण आणि व्यवसाय. त्यावरून घर ‘ए-वन’पासून ‘ई-टू’पर्यंतच्या, ऐपतीच्या आठ खणांपैकी एकात पडायचे. (२०११ पासून व्यवसायाऐवजी घरातल्या अकरा वस्तू मोजायला लागले.) हवा असलेला खण नसेल तरी फॉर्म बंद. याला आमच्यात ‘टर्मिनेट’ म्हणत. लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर टर्मिनेट झाले की खाली उतरताना पाय बोलायचे. वर सुपरवायझर दोन दिवसांनी त्याच घरी जाऊन ‘बॅकचेक’ करी, मुलगा खरेच आला होता का म्हणून.

हे सविस्तर सांगायचे कारण, खऱ्या सर्व्हेत बहुतेक माणसे नापास होतात. कंपनीला दुचाकी घेऊ पाहणारे हवे असतात, आणि त्याच माणसांच्या उत्तरांचे पैसे ती मोजते. ऑनलाइन पॅनेल, म्हणजे नाव नोंदवून इंटरनेटवर सर्व्हे भरण्याची सोय, आले तरी हे बदलले नाही. दहा-बारा प्रश्न झाल्यावर ‘तुम्ही या सर्व्हेसाठी पात्र नाही’ असे येते, पात्र ठरलात तर काही पॉइंट जमा होतात, आणि त्यांचे व्हाउचर व्हायला महिने लागतात. या धंद्यात उत्तर देणाऱ्याला श्रीमंत करण्याइतका पैसा कधीच नव्हता.

२०१० मध्ये सिंगापूरच्या नावाने जी योजना आली तिच्यात कोणीही नापास होत नव्हते. अकरा हजार भरा, वर्षभर आठवड्याला दोन सर्व्हे भरा, प्रत्येकी पाचशे घ्या. वर्षाचे बावन्न हजार. वाशीतल्या एका हॉलमध्ये ‘प्लॅन दाखवतात’ म्हणून शेजारचे काका मला घेऊन गेले होते. माथाडी बोर्डातून निवृत्त झालेले, हातात फंडाचे पैसे. टाय लावलेला मुलगा पडद्यावर गोल काढत होता, डावीकडे एक, उजवीकडे एक. सर्व्हेबद्दल त्याने पाचेक मिनिटे सांगितले असेल. पुढचा सव्वा तास डाउनलाइन, म्हणजे आपण जोडलेली माणसे आणि त्यांनी जोडलेली माणसे. परत येताना बसमध्ये काका म्हणाले, “अकरा आठवड्यांत मुद्दल सुटते बघ. पुढचे सगळे वरचे.” त्यांनी तीन ‘आयडी टाकल्या’, म्हणजे पैसे भरून तीन सदस्य नोंदवले, स्वतःची, काकूंची आणि पुण्याच्या जावयाची. त्यांचा एक सर्व्हे मी भरून दिला. टूथपेस्ट कोणती वापरता, महिन्याला किती वेळा हॉटेलात जाता, असले सात-आठ प्रश्न. तिन्ही आयडींना तेच प्रश्न, तिन्हींना तीच उत्तरे, तिन्हींचे पाचशे-पाचशे जमा. बॅकचेकला कोणी आले नाही.

मे २०११ मध्ये बातम्या आल्या. जाहिरातींत ग्राहक म्हणून मिरवलेल्या बड्या कंपन्यांनी हात झटकले, सिंगापूरच्या बँकेने खाते बंद केले, पेआउट थांबले. मग मुंबईत गुन्हा दाखल झाला. देशभरातले सदस्य वीस लाखांच्या आसपास आणि रक्कम दोन हजार कोटींच्या वर असे आकडे पुढे आले. विचित्र गोष्ट ही की पैसे अडकलेल्यांची एक संघटना कंपनीच्याच बाजूने उभी राहिली. पोलीस आणि चॅनेलवाल्यांनी चालता धंदा बंद पाडला, असे तिचे म्हणणे. काहीजण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि वर्षअखेरीस एका निवृत्त सरन्यायाधीशांकडे मध्यस्थी सोपवली गेली. मुख्य सूत्रधार म्हणवले गेलेल्यांना अटक व्हायला नोव्हेंबर २०१३ उजाडले.

पण खरा गुंता झाला तो एका शब्दाचा. ते अकरा हजार म्हणजे काय होते?

कंपनीचे उत्तर तयार होते, वर्गणी. अकरा हजारांत तुम्ही एका इंटरनेटवरच्या मासिकाचे वर्गणीदार होता, सर्व्हे ही वर्गणीदारांना मिळणारी संधी. म्हणजे पैसे घेऊन माल दिला, हिशेब संपला. हा शब्द फार विचारपूर्वक निवडलेला असावा. आपल्याकडे वर्गणी गणपतीची असते, ती परत मागत नाहीत. भिशी आपल्या नंबराला परत येते. ठेव व्याजासकट येते. काकांना विचारले असते तर मासिकाचे नावही सांगता आले नसते. ते मुद्दलाबद्दल बोलत होते, आणि मासिकाच्या वर्गणीला मुद्दल नसते. कागदावर वर्गणी, विकताना ठेव, चालवताना साखळी, असे हे तिहेरी प्रकरण होते.

कायद्यानेही हे सहज सुटत नव्हते. बक्षीस चिट्स आणि पैशाच्या फिरत्या योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा १९७८ चा. त्यातली व्याख्या इतकी लांबलचक आणि स्वल्पविरामांनी भरलेली आहे की १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तिचा अन्वय लावत बसावे लागले. त्या खटल्यातली कोलकात्याची एक फायनान्स पेढी कागदोपत्री बारा टक्के आणि प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट व्याज देत होती. झटपट पैशाचे आमिष असले तेवढ्याने हा कायदा लागत नाही, पैसे मिळणे हे नवे सदस्य येण्याशी बांधलेले असले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. त्या पेढीवरचा या कायद्याखालचा खटला रद्द झाला.

सर्व्हेवाल्यांना ही फट आयती मिळाली. ‘ज्याने एकही माणूस जोडला नाही त्यालाही सर्व्हेचे पाचशे मिळतातच की, मग साखळी कुठली?’ हा युक्तिवाद हॉलमधल्या टायवाल्यानेही ऐकवला होता, कुठल्याशा वकिलाचा हवाला देऊन. ऐकायला बिनतोड. फक्त ते पाचशे देतो कोण, हे त्यात येत नाही. सर्व्हे विकत घेणारे गिऱ्हाईकच नसेल तर उरते ती पुढच्या माणसाची वर्गणी.

महाराष्ट्राचा ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा १९९९ चा, आणि माझ्या मते तो जास्त शहाणा आहे. त्यात साखळी शोधत बसावे लागत नाही. पैसे घेतले आणि ते रोख, वस्तूरूपात किंवा ठरावीक सेवेच्या रूपात परत देण्याचे कबूल केले, की ती ठेव. वर मालमत्ता जप्त करण्याची सोय. २०१९ चा केंद्राचा अनियंत्रित ठेवींवरचा कायदा जवळपास याच भाषेत बोलतो, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या कायद्यातल्या ‘ठेव’ शब्दाचा अर्थ बराच ऐसपैस लावला. काकांच्या अकरा हजारांना तोपर्यंत अकरा वर्षे झाली होती.

नंतरची मंडळी या सगळ्यातून शिकली, सरकारच्या आधी. नोएडात फेब्रुवारी २०१७ मध्ये उघडकीला आलेल्या योजनेत सर्व्हेची जागा ‘लाइक’ने घेतली होती. एका क्लिकचे पाच रुपये, भरायचे साडेसत्तावन्न हजारांपर्यंत, एकूण रक्कम सुमारे ३,७०० कोटी. पण तिथेही कार्यालय होते, मालक होता, त्याला पकडता आले. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय सुरू झालेच होते, पुढे कार्यालयाचीही गरज उरली नाही. डिमांड ड्राफ्ट नको, हॉल नको, टाय नको.

लॉकडाउननंतरचा सर्व्हे टेलिग्रामवर असतो. आधी तीन सोपी कामे, म्हणजे हॉटेलला स्टार द्या, व्हिडिओ लाइक करा, पाच प्रश्नांचा फॉर्म भरा. त्याचे दीडशे-दोनशे खरोखर खात्यात येतात. मग ‘प्रीपेड टास्क’: हजार भरा, तेराशे घ्या. तेही येतात. पुढचा टप्पा पाच हजारांचा, मग तीसचा, आणि तिथून परतीची वाट बंद. कधी ‘क्रेडिट स्कोअर घसरला’, कधी ‘टॅक्स आधी भरा’. ऐरोली-महापेच्या आयटी पार्कमध्ये दिवसभर कॉम्प्युटरवर बसणारे यात जास्त सापडले, असे माझे निरीक्षण. अडाणी माणूस यात फसतो हे साफ खोटे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने असल्या टास्क-नोकऱ्यांच्या शंभरावर वेबसाइट एका झटक्यात बंद केल्या. नव्या काढायला किती वेळ लागतो हे सगळ्यांना माहीत आहे.

इथे वर्गणी की ठेव हा वाद गळून पडला, कारण योजनाच नाही, सदस्यही नाहीत. राहिली ती सरळ फसवणूक. जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या ३१८ कलमात गेली, बोलण्यात मात्र ‘चारशेवीस’च. नवी अडचण बँकेत आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला जे संरक्षण दिले ते त्याच्या संमतीविना झालेल्या व्यवहारांना. इथे पिन ग्राहकाने स्वतः टाकलेला असतो. त्यामुळे १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करून पुढच्या खात्यात रक्कम अडवणे हाच काय तो मार्ग, आणि ती खाती भाड्याने घेतलेली, पैसे तिथून मिनिटांत पुढे गेलेले असतात.

याचे उलटे टोक आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलीने पाहिले. तिने तीन सर्व्हे भरले, दीडशे-दीडशे घेतले, प्रीपेड म्हटल्यावर ग्रुप सोडला. आम्ही तिचे कौतुकही केले. तीन महिन्यांनी पगार काढायला गेली तर खाते गोठलेले. तिला आलेल्या दीडशेपैकी एक रक्कम दुसऱ्या राज्यातल्या कोणा फसलेल्या माणसाच्या पैशांतून आली होती, आणि त्याच्या तक्रारीचा माग काढत पोलीस तिच्या खात्यापर्यंत आले होते. बँकेतल्या बाईंनी तिला एका ठाण्याचा ईमेल पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला, “तिकडून ना-हरकत आणा, मग बघू.” ते ठाणे आपले नव्हे. दीड हजार किलोमीटरवरचे.