दाखल गुन्हे आणि घडलेले गुन्हे: आकडा नेमका कशाचा?

वर्ष सरलं की पोलिसांची प्रेसनोट येते आणि बेळगावच्या पेपरांत मथळा झळकतो: ‘गुन्हेगारीत घट’. प्रेसनोटमध्ये मात्र घट असते दाखल गुन्ह्यांत, म्हणजे ज्यांचे एफआयआर झाले त्यांत. घडलेले गुन्हे वेगळे. ठाण्यात कुणी गेलं नाही म्हणून ते घडायचे थांबत नाहीत.

समजा, गणपत गल्लीतल्या गर्दीत तुमच्या खिशातला मोबाईल मारला. ठाण्यात तक्रार ‘हरवला’ अशी लिहून घेतली. नवं सिम काढायला तो कागद चालतो, तुम्हीही खूश. चोरीच्या आकड्यात मात्र भर शून्य. खानापूरकडच्या खेड्यातल्या माणसाची आणखी एक अडचण: जबाब कन्नडात. आपण बोललो तेच लिहिलंय का, हे न समजता सही करण्यापेक्षा ठाण्याची पायरीच नको, असं वाटलं तर नवल नाही.

उलटंही घडतं. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती मिळाली की एफआयआर घ्यायलाच हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली ललिता कुमारी खटल्यात बजावलं. एखाद्या अधिकाऱ्याने ते मनावर घेतलं की त्याच्या हद्दीतला आकडा चढतो, आणि बातमी होते ‘गुन्हेगारी बोकाळली’. प्रामाणिकपणाचं हे बक्षीस! नोंद वाढली म्हणजे गुन्हे वाढलेच असं नाही, हे देशभरचे आकडे गोळा करणारी एनसीआरबीही सांगते. तिची मोजणीही पाहण्यासारखी आहे: एकाच एफआयआरमध्ये जबरी चोरी आणि खून असेल, तर मोजला जातो फक्त खून.

त्यातल्या त्यात खुनाचा आकडा भरवशाचा, कारण प्रेत दडपणं सोपं नसतं. पण तिथे टक्केवारी घात करते. दोनाचे चार झाले की ‘खुनांत शंभर टक्के वाढ’!

आणि ‘बेळगावात’ म्हणजे कुठे? शहराला पोलीस आयुक्त, निपाणी-चिकोडी-खानापूरला जिल्हा पोलीस अधीक्षक. एका वर्षी शहराचा आकडा, दुसऱ्या वर्षी जिल्ह्याचा, अशी तुलना छापली तर ती कागदावरच कोसळते.

प्रेसनोट हातात पडताच बातमीदाराने तिथल्या तिथे विचारावं: तक्रारी किती आल्या, एफआयआर किती झाले, आणि ‘हरवले’ म्हणून किती मोबाईल लिहिले?