पार्श्वभूमी : शाळेचा कोच, माजी खेळाडू आणि आयोवातला खटला

अमेरिकेत शाळेच्या फुटबॉल कोचचा बळी गेला की बोलणं हटकून आयोवा राज्यातल्या 2009च्या हत्येवर येतं. त्याआधी असं काही घडलंच नव्हतं असं नाही, पण कायद्याची आजची भाषा बरीचशी तिथून सुरू होते.

पार्कर्सबर्ग हे आयोवातलं दोन हजारांच्या आतलं गाव. तिथल्या शाळेच्या मैदानावर घडलेले चार खेळाडू एनएफएलपर्यंत, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगपर्यंत, पोचले होते. 25 मे 2008 रोजी ईएफ-5, म्हणजे सर्वांत वरच्या तीव्रतेच्या वादळाने गावाचा मोठा भाग, शाळा आणि कोच एड थॉमस यांचं घरही उद्ध्वस्त केलं. मैदानात विखुरलेल्या काचा आणि लाकडं गावकऱ्यांनी हातांनी वेचली आणि त्याच हंगामात तिथे सामने झाले. व्यायामशाळा मात्र तात्पुरत्या जागेत, बसगाड्यांच्या शेडमध्ये भरत होती. 24 जून 2009च्या सकाळी तिथेच, मुलांच्या डोळ्यांदेखत, 24 वर्षांच्या एका माजी खेळाडूने कोचवर गोळ्या झाडल्या. गोळ्या झाडणाऱ्याचा धाकटा भाऊ तेव्हा संघात होता. दोन्ही कुटुंबं एकाच चर्चमध्ये जाणारी. त्याच दिवशी कोचच्या मुलाने मारेकऱ्याच्या कुटुंबासाठीही प्रार्थना करायला सांगितलं.

खरा वाद आदल्या चार दिवसांचा. या तरुणाने आयोवातल्याच सीडर फॉल्स शहरात एका घरात घुसायचा प्रयत्न केला, पोलिसांनी गाडीचा पाठलाग करून त्याला पकडलं आणि मानसिक तपासणीसाठी रुग्णालयात नेलं. हत्येच्या आदल्या संध्याकाळी रुग्णालयाने त्याला सोडलं, पोलिसांना न कळवता. 2010मध्ये आयोवाने कायदा केला : पोलिसांनी आणलेल्या आणि गुन्ह्याचा ठपका असलेल्या रुग्णाला सोडण्यापूर्वी, पोलिसांनी तशी मागणी केली असेल तर, त्यांना कळवायचं. कोचच्या नावाने ओळखल्या गेलेल्या या कायद्याने सुटकेची खबर बांधून दिली. रुग्णाला खाट आणि उपचार मिळतील का, हा प्रश्न तसाच राहिला.

खटल्यात गुंता आणखी वाढला. आरोपीला पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि संशयांनी ग्रासणारा गंभीर मानसिक आजार आहे यावर दोन्ही बाजूंच्या डॉक्टरांचं एकमत होतं. पण कायद्याला आजार पुरत नाही; आपण काय करतोय आणि ते चूक आहे हे त्याला कळत होतं का, एवढंच ज्युरीने, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, ठरवायचं. वेडसरपणामुळे निर्दोष ठरलेला माणूस घरी जात नाही, त्याला थेट तपासणी आणि बंदिस्त उपचारांकडे पाठवतात. हे ज्युरीला सांगावं, अशी बचाव पक्षाची मागणी न्यायाधीशांनी फेटाळली. मार्च 2010मध्ये पहिल्या दर्जाच्या खुनाचा निकाल लागला, म्हणजे आयोवात पॅरोलविना जन्मठेप. 2012मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. शिक्षेचा विचार ज्युरीच्या डोक्यात नको, हे तत्त्व कागदावर ठीक आहे. पण दोषी नाही म्हटलं तर हा उद्या पुन्हा गावात फिरेल, ही भीती बारा सामान्य माणसांच्या मनातून कोण काढणार?

पुढच्या घटनांत कोचची भूमिकाच पालटली. 2012मध्ये ओहायोतल्या चार्डनला सहायक कोचने बंदूकधारी विद्यार्थ्याला पळवून लावलं. फेब्रुवारी 2018मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडला शाळेतल्या गोळीबारात 17 जण गेले, त्यात मुलांना आड घेणारा निःशस्त्र सहायक कोच एरन फीसही होता. फ्लोरिडाने महिन्याभरात शाळेतल्या कर्मचाऱ्यांना शस्त्र देण्याची योजना आणली आणि तिला त्याच कोचचं नाव दिलं. निव्वळ वर्गात शिकवण्याचंच काम असणाऱ्यांना तेव्हा तीत मज्जाव होता. शिकवणं आणि संघ दोन्ही सांभाळणाऱ्याला वाट मोकळी होती. 2019मध्ये शिक्षकांवरची बंदीही उठली. त्याच वर्षी ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये एका कोचने विद्यार्थ्याच्या हातातली शॉटगन काढून घेतली आणि त्याला मिठीत धरून ठेवलं. मुलगा स्वतःचा जीव घ्यायला आला होता. त्याला तुरुंगवास न देता देखरेखीखाली ठेवण्यात आलं.

सप्टेंबर 2024मध्ये जॉर्जियातल्या अपलाची शाळेत चौघे मारले गेले. त्यांत गणित शिकवणारा सहायक कोच होता. आरोपी विद्यार्थी 14 वर्षांचा, आणि या वेळी त्याच्या वडिलांवरही खुनाचे आरोप ठेवण्यात आले.