बास पद्धत

दात आणि हिरडी जिथे भेटतात ती कड ब्रशने साफ करण्याची रीत. अमेरिकी डॉक्टर चार्ल्स कॅसिडी बास (१८७५–१९७५) यांच्या नावाने ती ओळखली जाते. बास दंतवैद्य नव्हते. न्यू ऑर्लीन्सच्या ट्यूलेन विद्यापीठात ते वैद्यकशाखेचे अधिष्ठाता होते, आणि हिवतापाचा परजीवी प्रयोगशाळेत वाढवण्याच्या कामामुळे आधीच नावाजलेले होते. दातांकडे ते उतारवयात वळले.

निरोगी हिरडीच्या कडेलाही १ ते ३ मिलिमीटर खोल खाच असते. जिवाणूंचा चिकट थर तिथे साचतो आणि नुसत्या चूळ भरण्याने जात नाही. लाळेतले क्षार बसून तो कडक झाला की त्याचे कीटण होते. ते मग दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते.

मऊ ब्रश हिरडीच्या कडेवर साधारण ४५ अंशांत तिरका टेकवतात. केसांची टोके वरच्या दातांना वर, खालच्या दातांना खाली, म्हणजे हिरडीकडे असतात. टोके खाचेत जेमतेम शिरली की ती तिथेच ठेवून ब्रश पुढेमागे अगदी थोडा हलवतात, मग शेजारच्या दोन-तीन दातांवर जातात. समोरच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश उभा धरावा लागतो. घाईत हीच जागा हमखास सुटते. सुधारित पद्धतीत शेवटी ब्रश हिरडीकडून दाताच्या टोकाकडे फिरवतात.

ताजा थर मऊ असतो, त्याला जोर लागतच नाही. केस वाकून पसरले तर दाब जास्त झाला. आडवे खसाखसा घासल्याने हिरडी मागे सरते, इनॅमल नसलेले मूळ उघडे पडते, तिथे पाचरीसारखी खाच पडते आणि गार पाण्याने कळ येते. महाराष्ट्रात राखुंडीने दात घासण्याची जुनी सवयही तिच्या खरखरीतपणामुळे दात झिजवते. मशेरी तर भाजलेला तंबाखूच. तिच्यामुळे हिरड्या बिघडतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो.

रक्त दिसले की बरेच जण तेवढी जागा टाळू लागतात. हे उलटेच होते: रक्त बहुधा सुजलेल्या हिरडीतून येते, आणि सूज साचलेल्या थरामुळे असते. हलक्या हाताने रोज सफाई केल्यास आठ-पंधरा दिवसांत ते सहसा कमी होते. न झाल्यास दंतवैद्याला दाखवावे. दोन दातांमधल्या फटीत मात्र ब्रश पोचत नाही. तिथे दातांचा दोरा किंवा फटीसाठीचा बारीक ब्रश वापरतात.