ब्रेस की कृत्रिम पाय? आधी पाय किती उरलाय ते बघा

कुत्र्याचा पाय अधू झाला की घरचे सरसकट विचारतात, ‘कृत्रिम पाय बसवता येईल का?’ पुष्कळदा त्यांना हवा असतो तो ब्रेस. घोटाळा होणं साहजिक आहे, कारण दोन्ही वस्तू दिसायला बहिणी-बहिणी: मापाचा साचा घेऊन केलेलं प्लॅस्टिकचं कवच, आत मऊ फोम, बाहेर वेल्क्रोचे पट्टे. पण ब्रेस असलेल्या पायाला सावरतो, आणि कृत्रिम पाय नसलेल्या पायाची जागा घेतो. डॉक्टर पहिल्याला ऑर्थोसिस म्हणतात, दुसऱ्याला प्रोस्थेसिस.

ब्रेसचं काम मनगटावर सगळ्यात स्पष्ट दिसतं. उंचावरून उडी मारताना पुढच्या पायाच्या मनगटामागचे बंध फाटले, की मनगट खाली बसतं आणि जवळजवळ जमिनीला टेकतं. ब्रेस त्या सांध्याला ठरावीक कोनापलीकडे झुकू देत नाही. मागच्या पायाच्या घोट्यालाही तो चांगला धरतो. गुडघा मात्र अवघड. कुत्र्याची मांडी वर रुंद आणि खाली निमुळती, त्यामुळे कवच चालता चालता खाली घसरतं. शिवाय गुडघ्यातलं क्रूशिएट लिगामेंट (सांध्याला आतून धरून ठेवणारा बंध) तुटलं असेल, तर ब्रेस लावून ते पुन्हा जुळत नाही, सांध्याला फक्त आधार मिळतो. खांद्याला आणि खुब्याला तर कवच पकडायला जागाच नसते.

मणक्याच्या दुखापतीने मागचे दोन्ही पाय लुळे पडले असतील, तर यातलं काहीच नको. तिथे चाकांची गाडी लागते.

आता कृत्रिम पाय. त्याचं सगळं गणित कवचाच्या आत शिरणाऱ्या खुंटावर, म्हणजे पायाच्या उरलेल्या भागावर अवलंबून असतं. पुढच्या पायात कोपराखालचा आणि मागच्या पायात गुडघ्याखालचा बराचसा भाग शाबूत लागतो, नाहीतर कवच टिकत नाही. आणि नेमकं इथेच अनेक जनावरांची संधी हुकते. पाय काढायची वेळ आली की सर्जन तो बहुधा पार वरून काढतात, पुढचा असेल तर खांद्यापासून. त्यामागे कारण आहे: अर्धा पाय ठेवला तर जनावर तो टेकवायला जातं, आणि पंजाच्या गादीसारखी जाड कातडी तिथे नसल्यामुळे जखमा होतात. तीन पायांवर बहुतेक कुत्री खरोखरच छान धावतात, त्यामुळे हा निर्णय चुकीचा नसतो. पण पाय वरून गेला की कवच घालायला काही उरत नाही. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की ‘नंतर कृत्रिम पाय लावायचा झाला तर कुठून कापाल?’ हा प्रश्न ऑपरेशनच्या आधी विचारा. कुत्रं जड असेल, उरलेल्या पायांत संधिवात असेल, किंवा पुढचा पाय जाणार असेल तर नक्कीच विचारा. शरीराचं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं.

कवच न वापरता थेट हाडात बसवलेला पायही असतो. ऑस्कर नावाच्या मांजराचे मागचे दोन्ही पंजे शेतातल्या कापणी यंत्रात गेले होते. २००९ साली इंग्लंडमधले पशुशल्यचिकित्सक नोएल फिट्झपॅट्रिक यांनी त्याच्या घोट्याच्या हाडांत धातूचे खुंटे रोवून त्यांवर पंजे जोडले. मात्र धातू कातडीतून बाहेर येतो तिथून संसर्ग शिरण्याची धास्ती असते, त्यामुळे हा मार्ग अजून विरळाच.

वाढत्या पिलाला दोन्ही वस्तू पुन्हा पुन्हा नव्याने कराव्या लागतात. थायलंडमधली मोशा हत्तीण अगदी लहानपणी भूसुरुंगात पुढचा पाय गमावून बसली. ती जसजशी वाढली, तसतसे तिच्यासाठी नवनवे पाय घडवावे लागले.

ब्रेस असो वा पाय, खरी कसोटी कातडीची. पहिल्या दिवशी कुत्रं पाय उंच उचलून, चिखलातून चालल्यासारखं टाकतं. ते बघून घाबरू नका. पंधरा-वीस मिनिटांनी काढा आणि रोज थोडा वेळ वाढवत न्या. रात्री घालून ठेवू नका. पंजाची संवेदना गेली असेल तर दुप्पट लक्ष हवं, कारण घासलं तरी त्या जिवाला कळत नाही, ते लंगडून सांगतही नाही. प्रत्येक वेळी काढल्यावर केस उलटे सारून हाडाच्या उंचवट्यांवरून बोट फिरवा. फिकट लाली थोड्या वेळात गेली तर ठीक. तशीच राहिली, केस झडले किंवा जागा ओलसर लागली, तर घालणं थांबवून कवच बनवणाऱ्याकडे न्या. प्लॅस्टिकचा तेवढा भाग गरम करून तिथे बाहेर फुगवून घेता येतो.