वायपर की लॅसो? फोरहँडचे दोन शेवट

टेनिस कोर्टावर हे दृश्य हमखास दिसतं: नदालचे सामने पाहून आलेला मुलगा फोरहँड मारताना रॅकेट डोक्यावरून गर्रकन फिरवतो, आणि चेंडू सर्व्हिस लाइनच्याही आत पडतो. त्याला वाटतं, टॉपस्पिन, म्हणजे चेंडूची पुढच्या दिशेने गडगडणारी फिरकी, त्या फिरवण्यातून येतो. मला हा गैरसमज मनापासून दूर करावासा वाटतो, कारण त्यापायी चांगले हात बिघडतात.

चेंडू तारांवर साधारण ५ मिलिसेकंद टिकतो, म्हणजे एका सेकंदाचा दोनशेवा भाग. त्यानंतर रॅकेट कुठेही गेली तरी चेंडूला त्याचा पत्ता नसतो. फॉलो-थ्रूमुळे, म्हणजे चेंडू सुटल्यानंतरच्या रॅकेटच्या प्रवासामुळे, फटका घडत नाही. फटका कसा घडला हे फॉलो-थ्रू सांगतो.

वायपर आणि लॅसो (डोक्यावर गरगर फिरवायचा दोरीचा फास) या नावांच्या दोन शेवटांत गल्लत होते ती दोन्हींची सुरुवात सारखीच असल्यामुळे. रॅकेट चेंडूच्या खाली उतरते आणि चेंडूला घासत वर चढते. फरक त्यापुढे आहे. वायपरमध्ये रॅकेटचं डोकं गाडीच्या काचेवरच्या वायपरसारखं अंगासमोरून आडवं वळतं आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा हात डाव्या दंडाच्या किंवा बरगड्यांच्या बाजूला थांबतो. लॅसोमध्ये रॅकेट पलीकडे जातच नाही. ती सरळ वर चढते आणि मारणाऱ्या हाताच्याच खांद्यावर, डोक्यामागे संपते. नदाल डावखुरा, म्हणून त्याची डाव्या खांद्यावर. (रॅकेट विरुद्ध खांद्यावर नेऊन संपवायची जुनी पद्धत वेगळी, सपाट, लांब फटक्याला ती आजही शोभते.)

मग लॅसो कधी? चेंडू उशिरा गाठला, अंगाजवळ आला किंवा धावता धावता खालून उचलावा लागला, की हाताला पुढे जायला जागाच उरत नाही. उरते ती वरची. सँप्रसचा उजव्या कोपऱ्याकडे धावत मारलेला फोरहँड आठवा. अंग बाहेरच्या दिशेला निघालेलं असताना हात समोरून ओढला तर धड आणि खांदा एकमेकांशी भांडतात. वर नेला तर हात सुटा राहतो. शारापोव्हाही हा शेवट सर्रास वापरायची. दोघांनीही रॉबर्ट लान्सडॉर्प या प्रशिक्षकाकडे धडे घेतले होते, आणि त्यांच्याकडे याला ‘रिव्हर्स फोरहँड’ म्हणत.

किंमतही आहे. रॅकेटचा वेग वर खर्च झाला की पुढे ढकलायला कमी उरतो. नदालकडे तो वेग इतका होता की दोन्ही बाजूंना पुरून उरायचा. चेंडू उजव्या हाताच्या प्रतिस्पर्ध्याच्या बॅकहँडला खांद्याइतका उसळायचा, पॅरिसच्या मातीवर तर विशेष. तिथली फ्रेंच ओपन स्पर्धा त्याने १४ वेळा जिंकली. पण मोकळा, समोर आलेला चेंडू मिळाला की त्याचाही हात अनेकदा अंगासमोरूनच जायचा, हे बघणाऱ्यांच्या नजरेतून सुटतं.

स्वतःचा व्हिडिओ काढाल तेव्हा शेवट आधी बघू नका. चेंडू लागला त्या क्षणी चित्र थांबवा. चेंडू पुढच्या पायाच्या पुढे आणि अंगापासून सुटा असेल, तरीही रॅकेट डोक्यावर गेली असेल, तर ती नक्कल आहे. चेंडू मागे किंवा अंगाला चिकटून असेल, तर लॅसोला दोष देऊ नका. पाय उशिरा पोहोचलेत.