प्रवेश मिळाला म्हणून बारावीचे गुण सुटत नाहीत

अमेरिकेतल्या कॉलेजचा ‘अर्ली डिसिजन’मधला (लवकर अर्ज करायचा आणि निवड झाली तर तिथंच जायचं, अशी फेरी) होकार डिसेंबरात आला की पुढचे गुण कोणी बघत नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. होकार सशर्त असतो: वर्ष त्याच दर्जानं पूर्ण करायचं. अनेक कॉलेजं पहिल्या सत्राचे गुण मागवतात. ‘कॉमन ॲप’मधला (अनेक कॉलेजांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज) ‘मिड-इयर रिपोर्ट’ त्यासाठीच आहे. तो विद्यार्थी नव्हे, शाळेचा समुपदेशक पाठवतो. वर्षअखेरीस अंतिम गुणपत्रकही जातं.

एखाद्या विषयात ‘ए’चा ‘बी’ झाला तर सहसा काही होत नाही, उगाच घाबरू नका. पण नापास होणं किंवा अर्जात दाखवलेला अवघड विषय न कळवता सोडणं, यावरून प्रवेश रद्द होऊ शकतो. गुण घसरलेच, तर कॉलेजनं विचारण्याआधी आपणच कारण लिहून कळवा.